चार नंबर ओपन आहे

"तू म्हण की रं, माझी चूक झाली म्हणून. एवढंच म्हण."

आक्का जिल्हा रुग्णालयाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उकिडवी बसली होती. माझ्याकडं बघत नव्हती. समोरच्या नळावर एक बाई डबा विसळत होती, तिच्याकडं बघत बोलत होती.

"माझी चूक नव्हती, आक्का."

"हुती असं मी कुठं म्हणते? मी म्हणते, म्हण."

आत दाजी होते. माझ्या या थोरल्या बहिणीचा नवरा, पोपट. उजवा पाय गुडघ्याखाली चेचला होता आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आमच्याकडं हा पाय फक्त कापता येतो. वाचवायचा तर पुण्याला न्या, आणि उशीर करू नका. पुण्याचं हॉस्पिटल कंपनीचं हमीपत्र मागत होतं. हमीपत्र द्यायला कंपन्या दोन होत्या, आणि म्हणून एकही नव्हती.

दोन्ही कंपन्यांची माणसं येऊन गेली होती. दोन्हीकडून शहाळी आली होती. व्हरांड्यात शहाळ्यांचा ढीग पडला होता, पण दाजींना उचलून गाडीत घालायला कुणी तयार नव्हतं. ज्यानं उचललं त्यानं चूक कबूल केली, असा त्याचा अर्थ झाला असता.

"ज्याची चूक त्यानं न्यावं, म्हणत्यात," आक्का म्हणाली. "उद्या साहेब बसणार हाईत चौकशीला. तुझी निघाली तर तुझा शेठ नेईल. ह्यांचीच निघाली तर कुणीबी न्हेणार न्हाई. मग सांग, मी कुणाची मागू?"

"पोलीस केस होईल माझ्यावर."

"सुटशील की. पाय सुटल्यावर परत बसत न्हाई."

नळावरची बाई डबा घेऊन निघून गेली. आक्का अजून नळाकडंच बघत होती.

काय झालं होतं ते सांगतो. नदीवरून आमच्या तालुक्याच्या गावाला पाणी आणायची योजना होती. नदीकाठी पंपहाऊस, तिथून डोंगरावरच्या टाकीपर्यंत पाइपलाइन, आणि लाइनवर जागोजागी व्हॉल्व्हचे खड्डे, त्यांना चेंबर म्हणायचे. पंप आणि विजेचं पॅनेल पाटोळे शेठचं. पाइप आणि व्हॉल्व्ह ढमढेरे कंपनीचे. मी पाटोळेंचा पॅनेल ऑपरेटर. दाजी ढमढेरेंचे फिटर. दाजींनीच मला या साइटवर चिकटवलं होतं. योजना नगरपालिकेच्या ताब्यात गेली की पंपहाऊसला कायम ऑपरेटर घेणार होते आणि योजनेचे मोठे साहेब, भोईटे, त्यांच्या तोंडात माझं नाव होतं. घरी बायकोला दिवस गेले होते. मी त्या 'कायम' शब्दावर झोपत होतो आणि उठत होतो.

त्या दिवशी दुपारी चाचणी होती. दाजींचा फोन आला.

"जालिंदर, चार नंबर ओपन आहे बरं का."

आता नीट ऐका. आमच्या पॅनेलला खाने होते, त्यांना नंबर होते. चार नंबरच्या खान्यातून ढमढेरेंच्या वेल्डिंग मशीनला वीज जायची. काम संपलं की ते म्हणायचे, आमचा पाडा, आणि आम्ही स्विच पाडायचो. वीजवाल्यांच्या भाषेत पाडलेला स्विच म्हणजे ओपन. तार तुटली, करंट थांबला, भीती संपली. मी पॅनेलकडं बघितलं. चार नंबरवर हिरवा दिवा. आमच्यात हिरवा म्हणजे सप्लाय तोडलेला. जेवणाच्या सुटीत कुणीतरी पाडला होता. मी म्हणालो,

"हां दाजी, दिसतंय मला."

आणि दाजी चार नंबरच्या चेंबरमध्ये होते. पाइपवाल्यांनीही आपले नंबर एकपासून टाकले होते. त्यांनी जोडाचे बोल्ट काढले होते. ओपन म्हणजे जोड उघडा आहे, पाणी सोडू नका. मेव्हणा म्हणतोय दिसतंय, म्हणजे त्याला माहीत आहे. ते निवांत परत कामाला लागले.

साहेब माझ्या मागंच उभे होते. "काय म्हणतात खालचे? झालं का काम?"

"झालं साहेब. चार नंबर ओपन आहे."

"मग कर चालू."

मी बटण दाबलं.

एवढंच. माझ्या आयुष्यात मी दाबलेल्या हजारो बटणांपैकी एक. पाण्यानं सुटा पाइप उचलला आणि दाजींच्या पायावर आणून टाकला. गँगमधल्या पोरांनी त्यांना वर ओढलं म्हणून बुडाले नाहीत.

चौकशीच्या दिवशी सकाळी पंपहाऊसवर साबणे मॅडम आल्या. केतकी साबणे. सल्लागार कंपनीनं पाठवलेल्या सिस्टीम इंजिनिअर. हे पद काय असतं ते साइटवर कुणालाच कळत नव्हतं. पंप त्यांचा नाही, पाइप त्यांचा नाही, सिमेंट त्यांचं नाही. मग बाई करते काय? गँगमधली पोरं त्यांना 'मधल्या मॅडम' म्हणायची. दोघांच्या मधलं बघायचं काम, एवढंच पोरांना समजलं होतं, आणि ते बरोबर होतं.

त्यांनी स्टूल ओढलं आणि पॅनेलसमोर बसल्या.

"जालिंदर, तुमच्यात ओपन म्हणजे काय?"

"ओपन म्हणजे बंद."

"परत सांगा."

"ओपन म्हणजे बंद, मॅडम. स्विच ओपन म्हणजे वीज बंद."

"आणि पाइपवाल्यांच्यात?"

"ओपन म्हणजे उघडं."

मॅडम पुढं वाकल्या. पॅनेलवरच्या चारच्या आकड्यावर बोट ठेवून बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "मी भोईटे सरांना सांगितलं होतं. पंप वेगळा तपासला, पाइप वेगळा तपासला, आता दोन्ही गँगना एकत्र बसवा, कुठला शब्द कशाला वापरताय ते ठरवा, आणि पाणी न सोडता एकदा कोरडी चाचणी घ्या. तर म्हणाले, उद्घाटनाची तारीख पडलीय, मंत्र्यांना काय सांगू? भाषेचा तास चाललाय म्हणून?"

"मग आता काय, मॅडम?"

"आता हे की तुमची चूक नाही. पोपटरावांचीही नाही. तुम्ही दोघंही आपापल्या जागी बरोबर होतात. असे अपघात माणसाच्या चुकीनं होत नाहीत, यंत्रणेच्या चुकीनं होतात. मी आज हे त्यांना पटवून देणार आहे. तुम्हाला बळी जाऊ देणार नाही."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी शिकलेलं माणूस माझ्या बाजूनं बोलत होतं. आयटीआयचा एक विषय राहिलेला मी. 'तुमची चूक नाही' हे वाक्य मला इतकं गोड लागलं की मी ते तोंडात घोळवत राहिलो. आक्काला आदल्या दिवशी मी हो म्हटलं होतं, ते मला आठवत होतं. विसरलो होतो म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू.

हो, मी आक्काला हो म्हटलं होतं. "म्हणतो," असं म्हणून उठलो होतो.

चौकशी साइट ऑफिसात झाली. पत्र्याची खोली, वर पंखा. कार्यकारी अभियंता भोईटे साहेब मधे बसले होते. एका बाजूला पाटोळे शेठ, एका बाजूला ढमढेरेंचा मॅनेजर. टाइप करायला एक क्लार्क. बिस्किटांची बशी. मला उभं केलं. आक्का बाहेर पायरीवर येऊन बसली होती. दार लोटलेलं होतं, पण पत्र्याची खोली ती, आवाज कुठं थांबतो?

ढमढेरेंचा मॅनेजर म्हणाला, "विषय साधा आहे सर. आमचा माणूस फोनवर सांगतोय ओपन आहे, तरी यांच्या ऑपरेटरनं पंप सोडला. प्यायला होता का विचारा."

पाटोळे उसळले. "तुमचा माणूस ओपन म्हणाला म्हणूनच सोडला! ओपन म्हणजे काय ते पोराला विचारा. आणि चेंबरमधे उतरताना पाटी लावायची असते, ती लावली होती का तुमच्या माणसानं?"

"पाटी तुमच्या पंपहाऊसमधनं दिसली असती काय?"

"ए, थांबा," साहेब म्हणाले. "हं, काय रे? तू सांग. काय झालं?"

मी हात जोडले. "साहेब, माझी..."

"एक मिनिट सर." साबणे मॅडम उठल्या. "जालिंदर, घाबरू नका. तुम्ही काहीही कबूल करायची गरज नाही."

आणि मी थांबलो. कुणी तोंडावर हात ठेवला नव्हता. एक बाई 'एक मिनिट' म्हणाली आणि मी थांबलो. थांबायला मी किती तयार होतो ते त्या मिनिटाला मला कळलं.

मॅडमनी भिंतीवर एक मोठा कागद चिकटवला. त्यावर दोन गोल काढले. एकात पंप लिहिलं, एकात पाइप. दोन्हीवर बरोबरची खूण केली.

"सर, हा भाग तपासला, पास. हा भाग तपासला, पास. दोघांची प्रमाणपत्रं आपल्याकडे आहेत." मग दोन गोलांच्या मधे बोट ठेवलं. "हे कुणी तपासलं?"

पाटोळे आणि मॅनेजर एकमेकांकडं बघायला लागले.

"इथं एकच शब्द दोन अर्थांनी फिरत होता. एकच आकडा दोन जागांना दिलेला होता. फोन करणाऱ्यानं बरोबर सांगितलं, ऐकणाऱ्यानं बरोबर ऐकलं, दिव्यानंही बरोबर दाखवलं. सगळे बरोबर, आणि माणसाचा पाय चेचला. जालिंदरच्या जागी तुम्ही असतात सर, तर तुम्हीही बटण दाबलं असतं. दुसरा ऑपरेटर आणून बसवा, तोही दाबेल. म्हणून याला शिक्षा देऊन काही होणार नाही. दोष माणसाचा नाही, यंत्रणेचा आहे."

काय बोलल्या हो. आजवर कुठल्या सभेत मी असं बोलणं ऐकलेलं नाही. एक शब्द खोटा नव्हता.

साहेबांचा चेहरा आधी आंबट झाला होता. मग हळूहळू मोकळा व्हायला लागला.

"म्हणजे, साबणे, तुमच्या म्हणण्यानुसार कुणी एक व्यक्ती जबाबदार नाही."

"ऑपरेटर आणि फिटर तर नाहीतच सर."

"व्यक्ती नाही. यंत्रणा." साहेबांनी क्लार्ककडं बघितलं. "लिहा. सदर अपघात हा कोणत्याही व्यक्तीच्या निष्काळजीपणामुळे घडला नसून यंत्रणेतील समन्वयाच्या अभावामुळे घडल्याचे प्रथमदर्शनी दिसून येते."

पाटोळे शेठनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. ढमढेरेंच्या मॅनेजरनं इतका वेळ हात न लावलेल्या बशीतून एक बिस्किट उचललं.

"सर, पूर्ण लिहा ना," मॅडम घाईनं म्हणाल्या. "यंत्रणेचा दोष म्हणजे जबाबदारी नाही असं नव्हे. एकत्र चाचणी का झाली नाही, कुणी नको म्हटलं..."

"ते समिती बघेल. तांत्रिक बाब आहे. तुम्ही फार सुंदर मांडलंत, समितीसमोरही असंच मांडा."

"आणि पेशंट? त्यांना आज पुण्याला हलवायला हवं."

"अहो, आता तुम्हीच सिद्ध केलंत ना, चूक कुणाचीच नाही म्हणून? मग मी कुणाला सांगू घेऊन जा म्हणून? पाटोळे, नेता?"

"माणुसकी म्हणून नेलं असतं साहेब," पाटोळे म्हणाले, "पण आता नेलं तर ढमढेरे म्हणतील, बघा, कबूल केलं."

"आमचंही तेच," मॅनेजर बिस्किट खात म्हणाला.

मॅडम उभ्याच होत्या. कागद, दोन गोल, मधली मोकळी जागा. त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा लागला नाही असं म्हणालो तर जीभ झडेल. त्या मला वाचवून बसल्या होत्या, आणि आता त्यांना कळत होतं की त्याची किंमत कोण मोजणार.

साहेब फाइल मिटता मिटता थांबले. चांगल्या मूडमध्ये होते. "काय रे, तू मघाशी काहीतरी म्हणत होतास. माझी माझी करत होतास. काय म्हणायचं होतं?"

खोली माझ्याकडं बघायला लागली.

बाहेर पायरीवर बांगड्या वाजल्या. आक्का उभी राहिली असणार.

"बोल की. लिहून घेऊ."

चूक माझी. दोन शब्द. पाटोळेंच्या माणसाची चूक म्हणजे पाटोळेंची चूक, म्हणजे हमीपत्र, म्हणजे पुणे. क्लार्कची बोटं टाइपरायटरवर तयार होती. अर्धं वाक्य मी आधीच बोललो होतो, उरलेलं अर्धं बोलायचं होतं.

मी म्हणालो, "काही नाही साहेब. मॅडम म्हणल्या तसंच झालं."

खरं बोललो मी. त्या खोलीत त्या दिवशी माझ्याइतकं खरं कुणीच बोललं नाही. साहेबानं लबाडी केली, शेठनं केली, मॅनेजरनं केली. मी एकटा खरं बोललो, आणि अजून मला माझ्या तोंडाची घाण येते.

बाहेर आलो तर आक्का समोरच.

"कुणाची निघाली?"

"यंत्रणेची."

"ही कोण?"

"कोण म्हणजे... यंत्रणा. सगळं मिळून."

"साहेबाच्या हाताखालची हाय का? कुठल्या हाफिसात बसती? म्या जाती तिच्याकडं. पाया पडती."

"तसं नाही गं आक्का. ती बसत नाही कुठं."

आक्का माझ्याकडं बघत राहिली. मग तिला कळलं. रडली नाही, शिव्या घातल्या नाहीत. पदर खोचला आणि एस.टी. स्टँडच्या दिशेनं चालायला लागली. मी मागून म्हणालो, थांब, मी येतो. ती थांबली नाही, मी गेलो नाही.

पाय जिल्हा रुग्णालयात कापला. समितीचा अहवाल आला तेव्हा दाजी कुबडीवर चालत होते. अहवालात लिहिलं होतं की भविष्यात समन्वय वाढवावा. पंपहाऊस ते चेंबर सगळे नंबर बदलले, 'ओपन' शब्दावर बंदी घातली, पाटीवर मराठीत लिहिलं, 'वीज तोडली' आणि 'जोड उघडा'. त्यानंतर त्या लाइनवर एकही अपघात झालेला नाही. मॅडमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर निघालं. त्या ते काम सोडून गेल्या. जाताना मला त्यांच्या विषयाचं पुस्तक देऊन गेल्या, इंग्रजीतलं. मी ते शब्दकोश घेऊन वाचलं, दोन वर्षं लागली. त्यात म्हटलंय की जिथं दोन भाग जुळतात तिथं एका माणसाचं नाव लिहिलेलं पाहिजे. एकाच माणसाचं, आणि तेही अपघाताच्या आधी. आमच्या योजनेत त्या जागी नाव नव्हतं. साहेबानं ती जागा मोकळी ठेवली, त्यात त्याचं भलं झालं. चौकशीच्या दिवशी तिथं आपलं नाव घालायची संधी मला दिली होती. पुस्तकात त्याबद्दल काही नाही.

मी कायम झालो. मुलगी झाली. बारशाला आक्का आणि दाजी आले. आत्याशिवाय नाव कोण ठेवणार? आक्कानं पाळण्यात वाकून पोरीच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, हसणं झालं. मग पंगत बसली. दाजींना खाली बसता येत नव्हतं म्हणून खुर्ची दिली होती आणि ताट मांडीवर.

माझ्या बायकोचा चुलता, सुदाम, तोंडाचा फाटका माणूस. भर पंगतीत मोठ्यानं म्हणाला, "जावयबापू, नोकरी झकास लागली तुमची. मेव्हण्याच्या पायावर उभं ऱ्हायलात म्हणायचं!"

दोघं-तिघं हसले.

आक्का जिलबी वाढत होती. तिनं परात खाली ठेवली.

"काय म्हणालास, सुदाम?"

"न्हाई, चेष्टेनं आपलं..."

"चेष्टा तुझ्या घरी कर. माझ्या भावाची काडीची चूक न्हवती. साहेबानं कागदावर लिहून दिलंय. मोठ्या इंजिनिअर बाईनं सांगितलंय. परत माझ्या भावाला कुणी बोट लावलं तर मी हाय आन् तो हाय."

सुदाम ताटात बघायला लागला. दाजी खुर्चीवरून म्हणाले, "अगं, जाऊ दे. वाढ त्याला जिलबी. गरम हाय तवर खाऊ दे."

आक्कानं परात उचलली. एकेकाला वाढत ती माझ्यापर्यंत आली. वाकली. दोन जिलब्या माझ्या ताटात घातल्या आणि तशीच वाकलेली राहिली. तिच्या कपाळावर घाम होता. पंगतीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली,

"न्हवती न्हवं रं तुझी चूक?"

मी वर बघितलं नाही.

"नव्हती, आक्का," मी म्हणालो.